आबे फारिया
बारदेशातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले जुझे कुस्तोदियो फारिया रोम येथे शिकून धर्मगुरू झाले. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनास उभे राहताच त्यांची वाचा बसली. समोरची बडी मंडळी म्हणजे नुसती भाजी, ती खुशाल कापावी, असे वडिलांनी हळूच कोंकणीत सुचविले. त्यासरशी मनातील दरारा नाहीसा झाला, अशी आख्यायिका आहे. आम्हां कोंकणी भाषिकांना ती फार गोड वाटते!

पुढे १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना त्यांनी प्रतिपादिले, की ही शक्ती प्रयोगकर्त्याच्या हातांत नसून निद्रित होणाऱ्याच्याच मनात वसते. रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली. १८१९ साली ते निवर्तले. पणजीतील त्यांच्या पुतळ्याचे हात मात्र अद्याप पुढे पसरलेलेच आहेत.