हत्यारं घडवणारा हेन्री मॉडस्ले

काही घरांत माळ्यावर आजोबांचा पत्र्याचा डबा असतो. फिटर, टर्नर म्हणून त्यांनी वापरलेले कॅलिपर, गुण्या, मायक्रोमीटर, पाने त्यात असतात. मुलांना ते हाताळायला फार आवडतं. या हत्यारांच्या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे हेन्री मॉडस्ले.

हेन्रीचा जन्म १७७१ साली लंडनजवळच्या वूलिच इथे झाला. बाराव्या वर्षी तो तिथल्या शस्त्रागारात काडतुसं भरायच्या कामाला लागला. म्हणजे आपल्या सातवीतलं पोर! मग सुतारकाम, मग लोहारकाम. कानशीवर त्याचा हात असा बसला की जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याने अठराव्या वर्षीच त्याला बोलावून घेतलं. ब्रामाच्या दुकानात आव्हान म्हणून मांडलेलं कुलूप १८५१ पर्यंत किल्लीशिवाय कुणालाच उघडता आलं नाही. तशी कुलपं बनवायची यंत्रं हेन्रीने घडवली, नाव मात्र मालकाचं झालं. संसार वाढला, आठवड्याचे ३० शिलिंग पुरेनात. वाढ मागितली तर नकार मिळाला. १७९७ मध्ये तो बाहेर पडला आणि स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं.

त्या काळी स्क्रूचे आटे बहुतेक हातानेच पाडत. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच असं नाही, म्हणून जोड्या खुणा करून ठेवाव्या लागत. मॉडस्लेने लेथवर हत्यार हातात न धरता सरकत्या बैठकीत पक्कं बसवलं आणि ती बैठक एका लांब स्क्रूने पुढे सरकवली. आता एकसारखे आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले. मला यात सगळ्यात आवडतो तो त्याचा टेबलावरचा मायक्रोमीटर. तो इंचाचा दहा हजारावा भाग मोजायचा. मापावरून वाद झाला की निकाल त्याचाच, म्हणून त्याचं नाव पडलं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश!

मॉडस्ले १८३१ मध्ये वारला. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं एकच माप सगळीकडे असावं असं सुचवलं. ते इंचाचं माप इंग्रजी यंत्रांबरोबर आपल्याकडेही आलं. आजोबांच्या डब्यातला एखादा जुना पाना आजच्या मिलिमीटरच्या नटावर सैल फिरतो ना, त्याचं कारण बरेचदा हेच.