बाळासाहेब खेर

बाळ गंगाधर खेर यांचा जन्म १८८८ साली रत्नागिरीस झाला. घरची भाषा मराठी. बालपण मात्र कुंदगोळ या कानडी मुलखातील गावी गेले.

पुढे ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. तेथे मराठी, गुजराती व कानडी या भाषा एकत्र नांदत. मुलांचा पाया मातृभाषेत पक्का व्हावा, म्हणून त्यांच्या सरकारने इंग्रजीचे शिक्षण आठव्या इयत्तेपासून ठेविले. मुले मागे पडतील, अशी धास्ती अनेक पालकांस वाटली. ती अगदीच निराधार नव्हती.

केंद्राचा कारभार इंग्रजीतून हिंदीत कसा न्यावा, हे ठरविण्यासाठी १९५५ साली राजभाषा आयोग नेमला गेला. बाळासाहेब त्याचे अध्यक्ष झाले. एका बंगाली व एका तमिळ सदस्यास हिंदीची घाई पटली नाही. त्यांच्या भिन्न मतांसह अहवाल १९५६ मध्ये सादर झाला. पुढच्याच वर्षी बाळासाहेब निवर्तले.