वॉशिंग्टन यांचा शेवटचा दात

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरचा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा कधी नीट पाहिला आहे का? ओठ घट्ट मिटलेले, तोंडाभोवतीचा भाग फुगल्यासारखा. हा चेहरा गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ मध्ये रंगवलेल्या चित्रावरून घेतला आहे. त्या फुगीरपणाचे कारण तोंडातली कवळी.

वॉशिंग्टन १७३२ साली व्हर्जिनियात जन्मले. दात काढल्याची त्यांची पहिली नोंद १७५६ ची, वय अवघे २४. फी पाच शिलिंग. इथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया करता येते, हे जगाला १८४६ मध्ये कळले. त्यामुळे वॉशिंग्टन यांचा प्रत्येक दात पूर्ण शुद्धीतच निघाला. हा माणूस दातांबाबत बेफिकीर मुळीच नव्हता. ब्रश आणि दंतमंजन वापरायचा, दंतवैद्यांकडे जायचा. १७८१ मध्ये ऐन युद्धात त्यांनी दंतवैद्य बेकर यांना पत्र लिहून दात खरवडण्याची हत्यारे आणि दातांची तार आवळायला पक्कड मागवली. ते पत्र नेमके ब्रिटिशांच्या हाती पडले! सेनापतीच्या दातांचे हाल शत्रूच्या दफ्तरात गेले.

मग दात टिकले का नाहीत? एकच कारण सांगता येणार नाही. वारंवारचे आजार, त्यांवर त्या काळी सर्रास दिली जाणारी पाऱ्याची औषधे, हिरड्यांचे विकार अशी कारणे अभ्यासक देतात. त्या काळची दंतमंजनेही खरखरीत असत. आपल्याकडे मिश्री आणि राखुंडी घासणारे लोक वरचे कवच कसे झिजवतात, ते मी रोज पाहतो.

कवच झिजले किंवा हिरडी खाली सरकली, की आतला थर उघडा पडतो. त्यात हजारो सूक्ष्म नळ्या असतात. थंड पाणी लागले की नळ्यांतला द्रव हलतो आणि आतल्या नसेपर्यंत सणक जाते. दात साफ करून घेतल्यावर किंवा सिमेंट भरल्यावरही असेच होते. रुग्ण घाबरून म्हणतात, चांगला दात डॉक्टरांनी बिघडवला. बहुतेक वेळा तसे नसते. साफ करताना वर्षानुवर्षांचे किटण निघते आणि झाकलेले मूळ उघडे पडते. पोखरून भरलेल्या दाताची नस काही दिवस चिडलेली असते. थंड लागून काही सेकंदांत थांबणारी कळ साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तोवर मऊ ब्रश, हलका हात आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट. ही पेस्ट दोन दिवसांत गुण देत नाही, रोज लावत राहावी लागते. हिरडीत तंबाखू दाबून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे.

चावताना दुखत असेल, तर भरलेले सिमेंट उंच झाले असण्याची शक्यता असते. ते घासून कमी करण्याचे काम पाच मिनिटांचे. कळ थंडी गेल्यावरही रेंगाळली, रात्री आपोआप ठणका लागला किंवा सूज-ताप आला, तर वाट पाहू नका. नस वाचण्यापलीकडे गेलेली असू शकते. आज त्यावर रूट कॅनाल आहे. वॉशिंग्टन यांच्यासाठी एकच उपाय होता, पक्कड.

३० एप्रिल १७८९ रोजी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा तोंडात एकच दात उरला होता, खालची एक उपदाढ. दंतवैद्य जॉन ग्रीनवूड यांनी पाणघोड्याच्या दाताची कवळी कोरली आणि त्या एका दातासाठी तिला भोक ठेवले. ती लाकडी होती ही दंतकथाच. (शब्द आपोआप जुळला!) दुसऱ्या शपथविधीचे त्यांचे भाषण अवघे १३५ शब्दांचे होते. त्याचे कारण कवळी, असे म्हणतात. मला ते ताणलेले वाटते.

त्यांच्या कवळ्यांत माणसांचे दातही होते. १७८४ च्या हिशेबात कृष्णवर्णीयांना ९ दातांबद्दल १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ते बहुधा त्यांच्याच इस्टेटीवरचे गुलाम असावेत. ते दात पुढे कोणाच्या तोंडात गेले, हे नोंद सांगत नाही. पण नाही म्हणण्याची मुभाच नसलेल्या माणसाच्या हातावर ठेवलेल्या पैशाला मोबदला म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कवळीने ओठ पुढे ढकलले जातात, अशी तक्रार ते शेवटपर्यंत करत राहिले. ती काळी पडल्यावर ग्रीनवूड यांनी दोष पोर्ट वाइनला दिला आणि जेवणानंतर कवळी काढून धुवायला सांगितले. हा सल्ला आजही जसाच्या तसा चालेल.

१४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या सुजेने ते गेले. डॉक्टरांनी त्या दिवशी त्यांचे दोन लिटरहून अधिक रक्त काढले होते. शेवटचा दात तीन वर्षे आधीच, १७९६ मध्ये निघाला होता. तो त्यांनी ग्रीनवूड यांना देऊन टाकला. ग्रीनवूड तो छोट्या डबीत घालून घड्याळाच्या साखळीला अडकवत. भोक असलेली ती कवळी आज न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनमध्ये आहे.