बटाट्यातला पुरावा: कमला सोहोनी आणि आजचं जीन एडिटिंग

क्रिस्परवरचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. एक छोटा आरएनए पेशीतला नेमका जीन शोधतो आणि त्याच्यासोबतचं प्रोटीन तिथे डीएनए कापतं. हे तंत्र भातावर चालतं, टोमॅटोवर चालतं आणि सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशींवरही चालतं. इतक्या वेगवेगळ्या जीवांवर एकच तंत्र कसं काय चालतं? कारण आतली यंत्रणा मुळात सारखीच आहे. या सारखेपणाचा एक पुरावा 1930च्या दशकात एका मराठी बाईंनी बटाट्यात शोधला होता. डीएनएची रचना कळली ती त्यानंतर, 1953 मध्ये.

त्या बाई म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण.

प्रवेशच नाकारला

कमलाबाईंचा जन्म 1911चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून त्या बी.एस्सी. झाल्या, तेही पहिल्या नंबराने. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला.

कमलाबाई मागे हटल्या नाहीत, रामन यांच्यापुढे अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, गाइड सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम आणि आपल्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. मला यातली शेवटची अट सगळ्यात जास्त टोचते. त्यांनी अटी पाळल्या आणि दूध व डाळींमधल्या प्रोटीनवर काम करून दाखवलं. त्यानंतर त्या संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

बटाट्यात काय सापडलं?

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडलं. आपण खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढताना पेशी इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर देते. त्या साखळीतला एक हमाल म्हणजे हे प्रोटीन. प्राण्यांमध्ये ते माहीत होतं; आता वनस्पतींची पेशीही तसाच श्वास घेते हे दिसलं. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

आज आपल्याला पुढची गोष्टही माहीत आहे. या प्रोटीनची कृती डीएनएमध्ये लिहिलेली असते, आरएनए तिची प्रत काढून नेतो आणि त्यावरून प्रोटीन बनतं. माणसाचं सायटोक्रोम सी 104 अमिनो आम्लांचं असतं आणि चिंपांझीचं हुबेहूब तेच. बटाट्याचं थोडं वेगळं, पण ओळखू येईल इतकं सारखं. कमलाबाईंनी जीनला हात लावला नव्हता, तेव्हा ते शक्यच नव्हतं. पण जीन एडिटिंग ज्या सारखेपणावर उभं आहे, तो त्यांच्या टेस्ट ट्यूबमध्ये दिसला होता.

नीरा आणि आपला किनारा

परदेशात न थांबता त्या भारतात परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरनंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि तिथे त्यांनी नीरेवर संशोधन केलं. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-मुरूडकडे, ताड-माड कुणाला नवीन नाहीत. झाडाचा ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढलं की ती आंबते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. या साध्या पेयात जीवनसत्त्वं आणि लोह आहे हे त्यांनी दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारल्याचंही आढळलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

त्याच संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना बऱ्याच उशिरा मिळालं. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नातली भेसळ कशी ओळखायची ते लोकांना शिकवलं. 1998 मध्ये त्या गेल्या.

जीन एडिटिंग म्हटलं की आपण नवी मशीन आणि परदेशी नावं शोधतो. मला वाटतं, त्या यादीच्या आधी एक ओळ कमलाबाईंची हवी. त्या दारातूनच परत गेल्या असत्या, तर आपण काय काय गमावलं असतं? आणि आजही कुठल्या मुलीला असंच दारातून परत पाठवलं जातंय का, हे आपण विचारलंच पाहिजे.