झाडांचा कैवारी

मुलांनो, तुम्ही कधी एखाद्या झाडासाठी हळहळला आहात का? प्रसिद्ध इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांचा जन्म १८९२ साली झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आईने मुलांना घेऊन सेअरहोल या खेड्यात बिऱ्हाड केले. तेथे पाण्यावर झुकलेल्या एका झाडावर टॉल्किन चढत. एके दिवशी ते झाड कोणी तोडले आणि लाकूड तसेच पडून राहिले. हे दुःख ते कधीच विसरले नाहीत.

पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९५४-५५ मध्ये त्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात झाडांसारखे दिसणारे, चालते-बोलते 'एन्ट' जंगलाची राखण करतात आणि जंगलतोड करणाऱ्या जादूगाराचा पराभव करतात. १९७३ साली टॉल्किन वारले.

तुमच्या दारातले झाड बोलू लागले, तर ते तुमच्याविषयी काय सांगेल?