नसरीन मोहमदी

नसरीन मोहमदी (१९३७ – १४ मे १९९०) या भारतीय अमूर्त चित्रकार होत्या. कागदावर पेन्सिल व शाईने काढलेल्या, भूमितीच्या शिस्तीत बांधलेल्या रेखाचित्रांसाठी त्या ओळखल्या जातात. स्वातंत्र्योत्तर काळातील बहुतांश भारतीय चित्रकार मानवाकृती व कथनाकडे वळलेले असताना त्यांनी केवळ रेषा, अंतर आणि अवकाश यांवर आपली कला उभी केली.

जीवन व शिक्षण

नसरीन यांचा जन्म कराची येथे झाला. लहानपणीच त्यांच्या आईचे निधन झाले. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईत स्थायिक झाले. १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण घेतले. मुंबईत परतल्यावर भुलाभाई देसाई यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या संस्थेत त्या काम करू लागल्या. तेथे वासुदेव गायतोंडे यांच्याशी त्यांचा परिचय झाला व त्यांच्या अमूर्त चित्रांचा नसरीन यांच्यावर प्रभाव पडला. १९६१ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. त्यानंतर शिष्यवृत्तीवर त्या १९६३ पर्यंत पॅरिसमध्ये होत्या. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत अध्यापन केले.

कलाविचार व शैली

सुरुवातीच्या चित्रांत झाडे, पाणी व वाळवंट यांच्या खुणा दिसतात. १९७० च्या दशकात या खुणा मागे पडून आडव्या-उभ्या रेषांची जाळी आली. वास्तुरचनाकारांप्रमाणे त्या ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर व आरेखनाची पेने वापरत. रेषांमधील अंतर व त्यांची जाडी यांत सूक्ष्म बदल करून सपाट कागदावर त्या लय आणि खोलीचा भास निर्माण करीत. पुढे जाळीही गळून पडली. १९८० च्या दशकातील चित्रांत मोकळ्या कागदावर तरंगणाऱ्या तिरकस रेषा, त्रिकोण व वर्तुळकंस एवढेच उरले. त्यांच्या चित्रांत गणिती सूत्रांची मांडणी नाही. प्रमाण, पुनरावृत्ती आणि काटेकोरपणा हे गणिताचे गुण मात्र त्यांत आहेत. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षक दिले नाही व अनेकांवर तारीखही घातली नाही.

त्या छायाचित्रणही करीत. फतेहपूर सिक्रीची वास्तू, रस्ते, सागरकिनारा आणि मागावरील धागे हे त्यांच्या छायाचित्रांचे विषय होते. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत प्रदर्शित केली नाहीत. त्यांच्या रोजनिशीच्या पानांवरही मजकुराच्या जोडीने रेषा व काळे पट्टे आढळतात.

अखेरची वर्षे

मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांच्या हालचालींवरील नियंत्रण हळूहळू कमी होत गेले. ज्या कलेत हाताचा किंचित कंपही लपत नाही, ती त्यांनी या काळातही सोडली नाही. उलट त्यांच्या रेषा अधिक मोजक्या व नेमक्या झाल्या. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळील किहीम येथे १४ मे १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

हयातीत त्यांची ख्याती प्रामुख्याने कलावंत व विद्यार्थ्यांच्या वर्तुळापुरती होती. २००७ मध्ये जर्मनीतील कासेल येथील 'डॉक्युमेंटा १२' या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. २०१५ मध्ये माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात त्यांच्या कलेचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरले. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली, तेव्हा उद्‌घाटनाच्या प्रदर्शनांत नसरीन यांच्या प्रदर्शनाचा समावेश होता. अमेरिकी चित्रकार ॲग्नेस मार्टिन यांच्याशी त्यांची अनेकदा तुलना केली जाते.