सर्वांत कमी रकमेचं टेंडर

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी घरी भरपूर बोलते, पण लिहायची वेळ दहावीनंतर आलीच नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारून घ्याव्यात आणि ज्या राहतील त्या वाचकहो, तुम्ही पोटात घालाव्यात.

विषय सुचला तो आमच्या घरामुळे. कराडला आमच्या घरावर एक मजला चढवायचं चाललंय. तिघांकडून कोटेशन्स आली. दोघांचे आकडे जवळपास सारखे आणि तिसऱ्याचा त्यांच्यापेक्षा चक्क एक तृतीयांश कमी! आजीचं म्हणणं, स्वस्तात होतंय तर नाही कशाला म्हणायचं. काका म्हणाले, हा माणूस अर्ध्यात काम टाकून पळणार. बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले की तू सिव्हिलला आहेस ना, मग तूच सांग. आता खरं सांगू? तीन वर्षांत मी बेंडिंग मोमेंट काढायला शिकले, पण कोटेशनवर विश्वास कधी ठेवायचा हा प्रश्न अजून एकाही पेपरला आलेला नाही. बघते, असं म्हणून मी होस्टेलवर परत आले.

लायब्ररीत पुलांवरचं एक जाडजूड पुस्तक चाळताना ग्युस्ताव्ह आयफेल सापडला. टॉवरवाला आयफेल हो, तोच. पण मला तो भेटला टॉवरच्या चौदा वर्षं आधी, हातात एक फार स्वस्त टेंडर घेऊन.

त्याचा जन्म १५ डिसेंबर १८३२ चा, फ्रान्समधल्या दिजाँ गावचा. आई कोळशाचा धंदा सांभाळायची, त्यामुळे पोरगा बराचसा आजीकडे वाढला. अभ्यासात सुरुवातीला यथातथाच. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला नाही (आपल्यापैकी ज्यांचं आयआयटी हुकलं त्यांनी इथे एक मिनिट थांबून समाधान मानावं), म्हणून एकोल सेंट्रालला गेला आणि १८५५ मध्ये डिग्री घेतली. तीही सिव्हिलची नाही, केमिस्ट्रीची! कारण नात्यातल्या एकाचा केमिकलचा कारखाना होता, तिथे चिकटायचं ठरलेलं. पण घरात भांडणं झाली आणि ती वाट बंद झाली. मग रेल्वेचं काम करणाऱ्या एका इंजिनियरच्या हाताखाली तो लागला आणि लोखंडात शिरला. पंचविशी-सव्विशीत बोर्दोच्या ५०० मीटर लांब रेल्वेपुलाचं काम त्याच्या अंगावर पडलं आणि ते त्याने १८६० मध्ये पूर्ण केलं. १८६६ मध्ये पॅरिसजवळ लव्हाल्वाला स्वतःचा कारखाना. दोन वर्षांनी तेओफिल सेरिग नावाचा भागीदार आला. सेरिगही त्याच कॉलेजचा, डोक्याने हुशार आणि मुख्य म्हणजे भांडवल घेऊन आलेला. कंपनीचं नाव मात्र आयफेल आणि मंडळी.

आता मुख्य गोष्ट.

पोर्तुगालमध्ये लिस्बनहून निघालेली रेल्वे पोर्तो शहराच्या अलीकडे येऊन अडली होती. मध्ये डोरो नदी. पात्र खोल, पाण्याला ओढ जबरदस्त आणि तळाशी रेतीगोट्यांचा जाड थर, त्यामुळे नदीत पाया घेणंच कठीण. म्हणजे मधे एकही खांब नाही, १६० मीटरचा गाळा एका उडीत घ्यायचा आणि तोही पाण्यापासून सुमारे ६० मीटर उंचीवर. १८७५ मध्ये पोर्तुगालच्या रॉयल रेल्वे कंपनीने टेंडरं मागवली. आयफेलच्या कंपनीचा आकडा होता ९ लाख ६५ हजार फ्रँक. त्याच्या सगळ्यात जवळच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षासुद्धा साधारण एक तृतीयांश कमी!

वाचता वाचता मी उडालेच. आमच्या घराचाच हिशोब!

रेल्वे कंपनीची अवस्थाही आमच्या बाबांसारखीच झाली असणार. कंपनी तशी नवखी, एवढ्या मोठ्या कमानीचा अनुभव नाही, आणि पैसे सगळ्यांत कमी मागतेय. पण पोर्तुगीजांनी दोन सोपे रस्ते टाळले. स्वस्त आहे म्हणून डोळे मिटून सही केली नाही आणि स्वस्त आहे म्हणून कागद फेकूनही दिला नाही. त्यांनी जाणकार इंजिनियरांची एक समिती नेमली आणि विचारलं की या माणसाला हे काम झेपेल का. समितीत क्रांत्झ, दियाँ, मोलिनो अशी त्या काळातली वजनदार मंडळी होती. इथे एक गोष्ट लपवत नाही. यांच्यातले काही जण आयफेलला आधीपासून ओळखत होते; १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तर क्रांत्झसाठी त्याने कमानींची गणितं तपासून दिली होती. आजच्या भाषेत कोणी याला सेटिंग म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण ज्याने तुमची गणितं तपासून दिली, त्याला गणित येतं की नाही हे तुमच्याइतकं दुसरं कोण सांगणार? समितीचा अहवाल अनुकूल आला आणि काम मिळालं.

पण माझा प्रश्न तसाच होता. आकडा एवढा कमी आलाच कसा?

उत्तर ड्रॉइंगमध्ये आहे. पूल बांधताना खर्च फक्त पुलाचा नसतो, पूल उभा राहीपर्यंत त्याला पेलून धरणाऱ्या गोष्टींचाही असतो. स्लॅबला सेंटरिंग लागतं तसंच. कमान तर शेवटचा तुकडा बसेपर्यंत स्वतःच्या पायावर उभीच राहत नाही. म्हणजे खोल नदीत, ६० मीटर उंच सेंटरिंग! आयफेलच्या मंडळींनी ते उडवूनच टाकलं. दोन्ही काठांवरून अर्धी अर्धी कमान पुढे सरकवत न्यायची, काठावरच्या खांबांना बांधलेल्या पोलादी दोरांनी ती मागून ओढून धरायची आणि मधोमध जोडायची. कमानीचा आकारही चंद्रकोरीसारखा, मधे जाड आणि टोकांना निमुळता होत बिजागरीवर टेकलेला. जिथे मोमेंट जास्त तिथे खोली जास्त, जिथे नाही तिथे लोखंड नाही. सगळं जाळीदार असल्यामुळे वाराही आरपार जातो. थोडक्यात, पैसे वाचले ते कामात, मालाच्या दर्जात नाही.

५ जानेवारी १८७६ ला सुरू झालेलं काम ऑक्टोबर १८७७ मध्ये संपलं. ४ नोव्हेंबर १८७७ ला राजा लुईश आणि राणी मारिया पिया यांच्या हजेरीत उद्‌घाटन झालं आणि पुलाला राणीचंच नाव मिळालं. त्यावरून १९९१ पर्यंत रेल्वे धावली. हिशोब करा, ११४ वर्षं! त्याच १८७७ साली आयफेलची पत्नी मरी वारली. पदरात पाच मुलं. त्याने पुन्हा लग्न केलं नाही.

या पुलाचं खरं बक्षीस पुढे मिळालं. फ्रान्समध्ये गाराबीच्या दरीवर १६५ मीटरच्या कमानीचा पूल बांधायचा ठरला, तेव्हा सरकारने टेंडरच काढलं नाही, सरळ आयफेलला काम दिलं. पोर्तोला ज्याच्या लायकीची चौकशी झाली, त्याला चार वर्षांत स्पर्धाच उरली नाही. सेरिग मात्र १८७९ मध्ये वेगळा झाला. पोर्तोच्या पुलाचं श्रेय त्याचं बरंच होतं असं मला वाटतं, आणि पुरावा पोर्तोमध्येच उभा आहे: त्याच नदीवरचा १८८६ चा १७२ मीटर कमानीचा लुईश पूल. तो सेरिगने एका बेल्जियन कंपनीसाठी डिझाइन केला. टॉवरचंही तसंच. मूळ कल्पना आयफेलच्या ऑफिसातल्या केश्लँ आणि नुगिए या दोघांची. नाव मोठ्या साहेबाचं! असो.

टॉवर सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १८८७ ते १८८९, म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षं, १८,०३८ तुकडे, २५ लाख रिवेट. सरकारने १५ लाख फ्रँक दिले. बाकीचे पैसे आयफेलने उभे केले, कंपनीच्या नाही तर स्वतःच्या नावाने करार करून, आणि बदल्यात वीस वर्षं तिकिटांचं उत्पन्न घेतलं. स्वतःच्या अंदाजावर स्वतःचा खिसा लावणारा कॉन्ट्रॅक्टर मला तरी आवडतो.

इथपर्यंत वाचून मी बाबांना फोन करणार होते की द्या त्या तिसऱ्यालाच काम. पण पुस्तकाचं पान उलटलं आणि फोन खाली ठेवला.

ज्या १८७५ साली पोर्तोचं टेंडर भरलं, त्याच वर्षी आयफेलच्या कंपनीने स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ म्युंशेनश्टाइन इथे एक रेल्वेपूल बांधला. गाळा फक्त ४२ मीटर. १४ जून १८९१ च्या रविवारी गच्च भरलेली गाडी त्यावर आली आणि पूल नदीत कोसळला. सत्तरहून जास्त माणसं गेली. तेतमायर नावाच्या प्राध्यापकाने पुढे याचा अभ्यास केला. लोखंड सुमार दर्जाचं निघालं, मधले सदस्य बकलिंगला कमी पडले, आणि दाबाखालच्या आखूड सळ्यांना ऑयलरचं सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही हेही सिद्ध झालं. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या पेपरला आपण ऑयलरच्या मर्यादा लिहून दोन मार्क मिळवतो ना, त्या दोन मार्कांच्या मागे ही माणसं आहेत. मला हे आधी कोणी शिकवलं नव्हतं.

कंपनी तीच, वर्ष तेच. नावावरून काहीच ठरत नाही.

पनामाची गोष्ट तर आणखी वेगळी. १८७९ च्या पॅरिस परिषदेत समुद्रसपाटीचा कालवा खणायचं ठरलं, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या मोजक्या लोकांत आयफेल होता. परिषदेचा अंदाज होता १२० कोटी फ्रँक. लेसेप्सने तो पुढे स्वतःच कापत कापत ६६ कोटींच्या आसपास आणला, म्हणजे लोक शेअर घेतील! कमी केलेल्या आकड्यामागे पोर्तोसारखं एकही ड्रॉइंग नव्हतं, होता तो फक्त उत्साह. शेवटी १८८७ मध्ये लॉक्स बांधायला बोलावलं ते आयफेललाच आणि तो गेलाही. १८८९ मध्ये कंपनी बुडाली, हजारो सामान्य लोकांची पुंजी गेली. १८९३ मध्ये आयफेलला दोन वर्षांची कैद आणि २० हजार फ्रँक दंड झाला. वरच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, पण त्याने बांधकामाचा धंदा सोडला तो सोडलाच. उरलेली तीस वर्षं तो वाऱ्याच्या मागे लागला. टॉवरवरून पट्ट्या खाली सोडून हवेचा विरोध मोजला, विंड टनेल बांधले. २७ डिसेंबर १९२३ ला, ९१ व्या वर्षी तो गेला.

गेल्या रविवारी घरी गेले आणि त्या कॉन्ट्रॅक्टरला चहाला बोलावलं. स्वस्त का, एवढंच विचारलं. त्याने न चिडता सांगितलं की सेंटरिंगच्या प्लेटा त्याच्या स्वतःच्या आहेत, भाड्याच्या नाहीत. ठीक. शेजारच्या गल्लीतच काम चालू आहे, मिक्सर तिथूनच येणार. हेही ठीक. मग मी ड्रॉइंग उघडून स्टीलचे किलो विचारले. दोन कॉलममध्ये आम्ही सहा सळ्या दाखवल्या होत्या, त्याने चार धरल्या होत्या. मजला एकच तर आहे ताई, एवढं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. मी ऑयलरबद्दल काही बोलले नाही. सळ्या सहाच लागतील एवढं सांगितलं आणि किलोंसकट कोटेशन नव्याने लिहून मागितलं.

नवा आकडा चार दिवसांनी आला. पहिल्यापेक्षा बराच वाढलेला, तरीही इतर दोघांपेक्षा कमी. बाबांनी काम त्यालाच दिलंय. काका अजून बोलत नाहीत. कॉलमचं स्टील पुढच्या शनिवारी बांधून होईल आणि काँक्रीट रविवारी. मी शुक्रवारच्या रात्रीच्या एसटीने निघणार आहे, सळ्या मोजायला.

— तृतीय वर्ष, सिव्हिल